काळजीचा ताळेबंद

हिवरे बाजारात पावसाळा सरला की पाण्याचा हिशेब मांडतात. पर्जन्यमापकात किती मिलिमीटर पडला, निरीक्षणासाठी ठरवलेल्या विहिरींत पाणी कुठवर आलं, माणसांना आणि जनावरांना वर्षभर किती लागेल, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीचं कोणतं पीक निभेल, हे सगळं ग्रामसभेपुढे येतं. पाऊस ओढून धरला असेल तर गहू मागे पडतो, कमी पाण्याची पिकं पुढे येतात. ऊस आणि केळी यांना या गावात मुळातच जागा नाही आणि शेतीसाठी बोअर घ्यायलाही बंदी आहे. नगर शहराच्या पश्चिमेला, पर्जन्यछायेत असलेलं हे गाव या पाण्याच्या ताळेबंदासाठी देशभर ओळखलं जातं.

या प्रथेचं कौतुक होतं ते पाणी वाचतं म्हणून. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ताळेबंद दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. गेल्या साली गहू झाला म्हणून यंदा होईलच असं नाही, आणि गेल्या साली नाही म्हटलं म्हणून यंदाही नाहीच म्हणायचं, असंही नाही.

माणसांची काळजी घेताना आपण नेमकं हेच करत नाही. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण यांच्या रीती एकदा बसल्या की त्या वर्षानुवर्षं तशाच चालतात. दरम्यान गरज सरकलेली असते. त्यातही गंमत अशी, की ती बहुतेक वेळा आधीच्या काळजीला यश आलं म्हणूनच सरकते. हिवरे बाजार आणि त्याच जिल्ह्यातलं जामखेड ही दोन ठिकाणं शेजारी ठेवून पाहिली की हे चांगलं कळतं.

१९७२ च्या दुष्काळानंतरची दोन दशकं हिवरे बाजारासाठी वाईट गेली. डोंगर उघडे पडले, विहिरी कोरड्या झाल्या, दारू वाढली. कामाच्या शोधात माणसं पुण्या-मुंबईकडे गेली. गाव ओस पडतं तेव्हा मागे कोण राहतं, हे दुष्काळी पट्ट्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मागे राहतात म्हातारी माणसं, त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं आणि हंडे वाहणाऱ्या बायका. त्या वेळी काळजी घेणं म्हणजे प्यायचं पाणी घरात आणून ठेवणं. बाकी सगळं त्याच्या नंतर.

१९८९ मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा हा तरुण गावात थांबला आणि पुढचा इतिहास आता शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचला आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, बांध घातले गेले, झाडं लागली. चराईबंदीमुळे गवत वाढलं, गवतामुळे गोठे भरले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जिथे दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध निघत होतं, तिथे ते पुढे तीन हजार लिटरच्याही वर गेलं. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली.

पाणलोटाच्या पुस्तकांत गोष्ट इथे संपते. काळजीच्या बाजूने पाहिलं तर ती इथून सुरू होते. कुटुंबं परतली म्हणजे म्हाताऱ्यांच्या शेजारी पुन्हा माणूस आलं, हे खरं. पण दूध आलं म्हणजे दिवसातून दोनदा धार काढणंही आलं. पहाटे आणि संध्याकाळी, सण असो की सुतक, कुणीतरी गोठ्यात हवंच. पूर्वी पाण्याच्या खेपांत जाणारा बाईचा वेळ वाचला, आणि त्यातला बराचसा गोठ्याने घेतला. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला वेळेवर जेवू घालायचं आणि म्हशीची वेळही साधायची, हा पेच दुष्काळात नव्हता. तो सुबत्तेने आणला.

पंचसूत्रीतल्या नसबंदीचं तर त्याहून वेगळं. छोटं कुटुंब ही तेव्हाची नड होती आणि ती योग्यच होती. ती एकट्या हिवरे बाजाराची गोष्ट नाही, साऱ्या महाराष्ट्राची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १९९२-९३ मध्ये राज्यातल्या बाईला सरासरी २.९ मुलं होत, २०१९-२१ मध्ये हा आकडा १.७ वर आला. आता हाच आकडा उलट बाजूने वाचून पाहा. ज्यांनी तेव्हा दोन मुलांवर थांबायचं ठरवलं ते आज साठी-सत्तरीत आहेत. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा चाकणला किंवा रांजणगावला कंपनीत. चार सुनांमध्ये वाटलं जाणारं काम एका सुनेवर, कधी शेजारणीवर, तर कधी म्हाताऱ्याचं म्हातारीवर आलेलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या वरची माणसं शेकडा दहाच्या घरात होती, आणि तेव्हापासून प्रमाण वाढतंच आहे.

आता जामखेडला जाऊ.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. जामखेडच्या आसपास तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे १७० हून जास्त बाळं वर्षाच्या आत दगावत होती. जुलाब, धनुर्वात, कुपोषण, बाळंतपणातली हयगय अशी कारणं साधी होती, आणि त्यातल्या बहुतेकांना डॉक्टर लागतच नव्हता.

आरोळ्यांनी आधी गावोगाव प्रशिक्षित नर्स नेमून पाहिल्या. ते जमलं नाही. शहरात शिकलेली मुलगी खेड्यात एकटी राहायला नाखूश, आणि गावाला ती परकी. मग गावातल्याच लोकांकडून सूचना आली की आमच्यातलीच एखादी बाई शिकवा. अशा तऱ्हेने जामखेडची ग्राम आरोग्य सेविका जन्माला आली. बहुतेक जणी निरक्षर होत्या, अनेक जणी दलित होत्या, काहींना नवऱ्याने टाकलेलं होतं. ज्या बाईला गावाने पाणवठ्यापासून लांब उभं केलं, तिच्या हाती गावाचं बाळंतपण आलं. १९७० च्या दशकातल्या नगर जिल्ह्यात ही साधी गोष्ट नव्हती. दुष्काळात प्रकल्पाने हातपंप बसवताना बोअर शक्यतो दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागेल. डॉक्टरांनी केलेलं हे काम माझ्या मते त्यांच्या कुठल्याही शस्त्रक्रियेहून मोठं होतं.

पण या विषयाच्या दृष्टीने जामखेडची खरी करामत वेगळीच आहे. या सेविकांचं प्रशिक्षण कधी संपलंच नाही. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला जमायच्या, मुक्काम करायच्या, रात्री एकत्र झोपायच्या. गेल्या आठवड्यात गावात काय पाहिलं ते एकमेकींना सांगायच्या, नवं काही शिकायच्या आणि परत जायच्या. प्रमाणपत्र घेऊन मोकळं होण्याची सोयच नव्हती, म्हणून शिक्षणाचा विषय बदलू शकला. सुरुवातीला मीठ-साखरेचं पाणी, स्वच्छ ब्लेडने नाळ कापणं, लस, कुष्ठरोगाच्या चट्ट्याची ओळख. पुढे क्षय. पुढे एचआयव्ही. त्याहीपुढे रक्तदाब, मधुमेह, मनाचे आजार. बालमृत्यूचा आकडा काही दशकांत हजारी तिशीच्या खाली उतरला, तेव्हा जुलाबात तज्ज्ञ झालेल्या बाईने काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला असता. पण तो तिला पडला नाही, कारण ज्या बाळांना तिने वाचवलं तीच आता चाळिशीत साखर घेऊन तिच्या दारी यायला लागली होती. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आल्मा-आटाच्या १९७८ च्या परिषदेच्या आधीच जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्या कामाची नोंद घेतली होती. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. प्रकल्प पुढे त्यांच्या मुलांनी सांभाळला.

एचआयव्हीबद्दल दोन वाक्यं इथेच सांगून टाकतो. हिवरे बाजाराने लग्नाआधी एचआयव्ही तपासणीचा नियम केला, तेव्हा या आजाराची काळजी म्हणजे मरणाऱ्याची सोबत होती. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळू लागली आणि काळजीचा अर्थ रोज ठरल्या वेळी गोळी घेतली की नाही हे पाहणं एवढा झाला. त्या गोळीवर वाढलेली मुलं आता विशीत आहेत, आणि त्यांना नोकरी हवी आहे, लग्न करायचं आहे. सोबत करणाऱ्या संस्थांना ते शिकावं लागलं.

सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं आणि त्यात आशा ही कार्यकर्ती आणली. जामखेडच्या सेविकेशी तिचं नातं उघड आहे. आशेचं पहिलं काम गरोदर बाईला दवाखान्यात नेणं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती २०११ पासून देशभर आशांकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, वजन करायचं, ताप पाहायचा. त्यानंतर तिच्या पिशवीत आणखी एक फॉर्म आला. तो तिशीच्या वरच्या प्रत्येक माणसाचा. वय किती, तंबाखू खाता का, दारू घेता का, हालचाल किती, घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह आहे का, आणि कमरेचा घेर. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं.

हा फॉर्म भरताना काय होतं ते पाहण्यासारखं असतं. बाळंतपणासाठी आशा दारात आली की तिला चहा मिळतो, कारण घरात आनंद असतो. टेप घेऊन आली की संवाद साधारण असा होतो:

“आजी, कंबर मोजायचीये जरा.”

“मला काय झगा शिवायचाय का गं?”

“साखरेचं बघायला, आजी. वर सांगितलंय.”

“मला न्हाई काही. त्याला बघ आधी, बिड्या वढतो दिवसभर.”

म्हातारा तोवर पारावर गेलेला असतो. बाळंतपणाला नऊ महिन्यांची मुदत असते, शेवटी बाळ दिसतं. रक्तदाबाला शेवट नाही आणि गोळी घेऊन काही दिसतही नाही. ज्या बाईने पंधरा वर्षं आनंदाची बातमी पोचवायचं काम केलं, तिला आता न दुखणाऱ्या आजाराची समजूत घालायची आहे. कौशल्यच वेगळं. ते शिकवायला वेळ आणि त्याचे पैसे हवेत. नवी कामं मात्र जुन्या कामांवर चढत गेली. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या त्यामागे मोबदला तर होताच, पण कोरोनाच्या कामाचा बोजाही होता. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरवाला खर्च येत नाही.

कोरोनाने काळजीची व्याख्याच उलटी केली. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जातात. न जाणं म्हणजे राग धरणं. मयतीला खांदा, दहाव्याला हजेरी, बाळंतिणीच्या घरी डबा, हे सगळं जवळ जाण्याचं शास्त्र आहे. २०२० मध्ये एकाएकी सांगितलं गेलं की जवळ जाऊ नका, हीच काळजी. बहुतेक गावांना हे पेललं नाही. गावच्या वेशीवर काटे टाकून पुण्याहून आलेल्या आपल्याच पोरांना अडवलं गेलं, आणि त्याच गावात लग्नं धूमधडाक्यात झाली.

हिवरे बाजारात दुसरी लाट २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शिरली. दीड हजाराच्या आतल्या वस्तीत पन्नासच्या आसपास रुग्ण झाले. गावाने स्वयंसेवकांची चार पथकं केली. घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासायचा, लक्षण दिसलं की चाचणी, बाधित निघाला की घरी न ठेवता लगेच बाहेर विलगीकरण. मेच्या मध्याला गावात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही. ३० मे रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याला उद्देशून केलेल्या भाषणात पोपटराव पवारांचं नाव घेतलं, सोबत सोलापूर जिल्ह्यातल्या दोन तरुण सरपंचांचंही, आणि पाठोपाठ कोरोनामुक्त गावांची स्पर्धा जाहीर झाली.

ऑक्सिजन तपासण्याची एक साधी रीत त्या वर्षी महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने सगळीकडे पोचवली होती. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा पाहायचा, मग घरातल्या सपाट जमिनीवर सहा मिनिटं चालायचं, पुन्हा पाहायचा. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त उतरला, तर माणूस कितीही ठणठणीत दिसो, दवाखाना. हे सांगायला सोपं. करायला त्यात एक विश्वास लागतो. माणूस म्हणतो मला काही झालेलं नाही, यंत्र म्हणतं झालंय, आणि घरच्यांनी यंत्राचं ऐकायचं असतं. ज्या गावाने वर्षानुवर्षं विहिरीत दिसणाऱ्या पाण्यापेक्षा वहीतल्या आकड्यावर भरवसा ठेवला, आणि स्वतःवर बंदी घालून घ्यायची सवय लावली, त्याला हे इतरांपेक्षा लवकर जमलं यात मला नवल वाटत नाही.

तरी एक खोच राहतेच. “गाव काळजी घेतं” हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण गाव म्हणजे नेमकं कोण? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकामाला लागलेल्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं. पुरुषांपैकी जे घरकाम करतात (असे चारातून एक) त्यांची ९७ मिनिटं. पथकं, समित्या, वह्या यांत पुरुष बऱ्यापैकी दिसतात. मोरीत बसवून अंघोळ घालायला दिसत नाहीत.

आणि आता जी गरज दारात उभी आहे ती मोरीतलीच आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाचं उदाहरण घ्या. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, दिवसा आणि रात्रीही. नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे इथली कातडी आधी लाल होते. बोटाने दाबून पाहिलं आणि लाली गेली नाही तर ती धोक्याची खूण. दोन-चार दिवसांत तिथे फोड, मग जखम, मग हाडापर्यंत खड्डा. घरचे म्हणतात पावडर लावली होती, रोज पुसत होतो. प्रेमात कमी काही नसतं. वळवायचं असतं हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि सत्तर किलोच्या माणसाला पंचेचाळीस किलोच्या बाईने एकटीने कसं वळवायचं हेही. त्याला युक्ती आहे. अंगाखाली आडवी चादर घालायची, पलीकडचा गुडघा दुमडून घ्यायचा आणि चादरीला धरून आपल्याकडे ओढायचं. पाच मिनिटांत शिकता येते. आपल्या आज्या-पणज्यांनी ती शिकवली नाही, कारण त्यांच्या काळी एवढा मोठा झटका आलेला माणूस क्वचितच महिनाभर काढायचा. आता तो कैक वर्षं जगू शकतो.

केरळने या बाबतीत वाट दाखवली आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये दोन डॉक्टरांनी वेदनाशमनाचा छोटा दवाखाना काढला. तिथून गावोगाव स्वयंसेवकांचं जाळं पसरलं, आणि २००८ मध्ये केरळ सरकारने परिहार सेवेचं धोरण आणून ते पंचायतींच्या गळ्यात घातलं. आज तिथली पंचायत आपल्या आराखड्यात त्यासाठी पैसे ठेवते, नर्स नेमते. ती नर्स गाडीतून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते, लघवीची नळी बदलते, जखम धुते, आणि घरच्या माणसाला ते कसं करायचं हे शिकवते. तिच्यासोबत शेजारपाजारचे स्वयंसेवक असतात.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला दरवर्षी “आमचं गाव, आमचा विकास” आराखडा करावाच लागतो. त्यात आरोग्यदायी गाव, सामाजिक सुरक्षा असे रकानेही आहेत. ते बहुधा गटाराच्या आणि सभागृहाच्या कामांनी भरतात. तिथे पाच आकडे लिहायला काय हरकत आहे? गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं किती. अंथरुणाला खिळलेली किती. रोज गोळी लागणारी किती, आणि त्यातली ती खरोखर घेणारी किती. दिवसातले चार तासही घर सोडता येत नाही अशा, काळजी घेणाऱ्या बाया किती. आशेला हे आकडे तोंडपाठ असतात, तिला कुणी विचारत नाही एवढंच. आकडे आले की कामं आपोआप ठरतात. खुर्चीचा संडास आणि वॉकर पंचायतीत ठेवून फिरते द्यायचे, आठवड्यातून एक दिवस तालुक्याहून फिजिओथेरपिस्ट बोलवायचा, आणि धारेच्या वेळी तासभर आजाऱ्यापाशी बसणाऱ्यांची पाळी लावायची, त्यात पुरुषांचीही नावं घालून.

ही यादीही कायमची नाही. पुढच्या दहा वर्षांत स्मृतिभ्रंशाची माणसं वाढतील. चालता-फिरता येणारा, पण घरचा रस्ता विसरलेला म्हातारा सांभाळणं हे खिळलेल्याला वळवण्यापेक्षा अगदी निराळं काम आहे. तिथे चादरीची युक्ती कामाची नाही. वॉकरवर केलेला खर्च तेव्हा जास्तीचा वाटेल आणि रात्री दाराला कडी लागते की नाही, म्हातारा वेशीपर्यंत गेला तर कोण ओळखून परत आणील, याची बोलणी ग्रामसभेत करावी लागतील.